वणवा आला तर घर कधी सोडायचं, आणि त्याआधी काय करून ठेवायचं?

वाचक भगिनीचं पत्र: आमचं घर जंगलाच्या कडेला, डोंगरउतारावर आहे. घरात आम्ही दोघं, नऊ आणि चार वर्षांची मुलं, रात्री ऑक्सिजनचं यंत्र लावून झोपणाऱ्या सासूबाई, एक कुत्रा आणि एक मांजर. गेल्या उन्हाळ्यात समोरच्या डोंगराला वणवा लागला आणि ती रात्र आम्ही जागून काढली. माझे पती म्हणतात, "वणवा इकडे आलाच तर तुम्ही सगळे निघा, मी पाइप घेऊन छपरावर थांबतो." मला ते पटत नाही. पण घर वाऱ्यावर सोडून निघून जायचं, हेही मनाला पटत नाही. नेमकी तयारी काय करावी?

उत्तर: ताई, आधी तुमच्या पतींच्या बेताबद्दल बोलू, कारण त्याचा निर्णय झाल्याशिवाय बाकी काहीच ठरणार नाही. छपरावर कुणीही थांबायचं नाही. वणवा जवळ येतो तेव्हा बहुधा वीज गेलेली असते, म्हणजे पंप बंद. नळाला पाणी असलंच तर वस्तीतले सगळे एकदम नळ सोडतात आणि दाब उतरतो. अग्निशमन दलाला लागणारं पाणीही त्यातच जातं. वर धुरात समोरचं दिसत नाही, श्वास घेता येत नाही आणि ज्वाळा अंगापर्यंत पोचायच्या कितीतरी आधी त्यांची धगच माणसाला आडवं करते. शिवाय ते घरासाठी थांबले तर तुमचा पाय त्यांच्यासाठी निघणार नाही आणि तुम्ही थांबलात की सासूबाई आणि मुलंही थांबली. हे त्यांना याच शब्दांत सांगा.

तुमची दुसरी अडचणही खरी आहे. घर वाचवण्याची धडपड जरूर करा, पण ती वणव्याच्या दिवशी करायची नसते, त्याआधीच्या महिन्यांत करायची असते. घरं पेटतात कशी हे कळलं की हे आपोआप पटतं. ज्वाळांची भिंत येते आणि घर गिळते, असं आपण समजतो. प्रत्यक्षात बरीच घरं ठिणग्यांनी आणि उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. वाऱ्यावर ते मुख्य वणव्याच्या एक किलोमीटर आणि कधी त्याहूनही पुढे येऊन पडतात. पन्हळीतल्या सुक्या पानांत किंवा पायपुसण्यावर एखादा निखारा धुमसत राहतो आणि वणवा पुढे निघून गेल्यावर तासा-दोन तासांनी घर पेटतं. म्हणूनच अशा आगीनंतर घर जोत्यापर्यंत जळालेलं आणि शेजारचं झाड हिरवं उभं, असं दृश्य दिसतं. अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक जॅक कोहेन यांनी हा विषय अनेक वर्षं अभ्यासला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात मुद्दाम पेटवलेल्या जंगलासमोर लाकडी भिंती उभ्या करून पाहण्यात आल्या. १० मीटरवरच्या काही भिंतींनी पेट घेतला, ३० मीटरवरच्या भिंतींनी घेतला नाही. म्हणजे घराचं भवितव्य मुख्यतः घर स्वतः आणि त्याच्याभोवतीचे ३० मीटर ठरवतात. हे मीटर तुमच्या हातातले आहेत.

कामाला लागाल ते भिंतीपासून, आणि मग बाहेर सरकत जा. बहुतेक लोक उलटं करतात. दूरची झुडपं तोडतात आणि भिंतीला टेकलेलं सरपण तसंच राहतं.

भिंतीपासून पहिल्या दीड मीटरात जळू शकेल असं काहीही ठेवू नका. वाळकं गवत, सालींचं आच्छादन, वेल, काथ्याचं पायपुसणं, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुठ्ठ्याची खोकी, केरसुणी, सगळं हलवा. त्या पट्ट्यात खडी, दगड, फरशी किंवा उघडी माती असू द्या. खिडकीखालची शोभेची झुडपं काढताना जीवावर येतं, पण काढाच. झुडूप पेटलं की काच तडकते, आणि काच गेली की निखारे थेट पडद्यावर आणि गादीवर पडतात. लाकडी कुंपण घराला येऊन मिळत असेल तर ते वातीसारखं आग भिंतीपर्यंत आणतं. घराला लागून असलेला किमान दीड मीटरचा भाग काढून तिथे लोखंडी फाटक किंवा पत्रा बसवा. कमी खर्चात एवढा मोठा फरक पाडणारी कामं थोडीच आहेत.

आता छप्पर. पन्हळी पूर्ण रिकाम्या करा आणि वणव्याच्या दिवसांत दर पंधरवड्याला पुन्हा पाहा. पन्हळीवर जाळी बसवली की काम संपलं असं वाटतं, पण पानं जाळीच्या वर साठतात आणि तिथेच पेटतात. कौलं सरकली असतील तर बसवून घ्या. कौलांच्या टोकांना उरलेल्या पोकळ्यांत पाखरं घरटी करतात, त्या गवतावर एक निखारा पुरतो, म्हणून घरटी मोकळी झाल्यावर ती काढून पोकळ्या सिमेंटने बुजवा. पोटमाळ्याचे आणि जोत्याचे झरोके बंद करू नका, हवा खेळायला ते लागतात. त्यांवर धातूची बारीक जाळी लावा, भोकं ३ मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत, २ मिलिमीटरची असली तर अधिक चांगलं. प्लास्टिकची किंवा फायबरची डासांची जाळी इथे चालत नाही, ती वितळते. बारीक जाळी धुळीने लवकर बुजते, तेव्हा वर्षातून दोनदा ब्रशने साफ करा. उंचावलेल्या लाकडी गॅलरीखाली काहीही साठवू नका, आणि खालची बाजू जाळीने बंद करून घ्या.

निखारे कुठे साठतील हे कळायची एक सोपी खूण आहे. जोराचा वारा सुटला की सुका पाचोळा घराच्या ज्या ज्या कोपऱ्यात गोळा होतो, तिथेच वणव्याच्या दिवशी निखारे गोळा होतील. वारा थांबल्यावर घराभोवती एक फेरी मारा आणि त्या जागांवर खडूने खुणा करून ठेवा. झाडलोट तिथून सुरू करायची.

दीड मीटरपासून दहा मीटरपर्यंत गवत १० सेंटीमीटरच्या आत राखा. झाडांच्या खालच्या फांद्या जमिनीपासून दोन मीटरपर्यंत छाटा. लहान झाड असेल तर त्याच्या उंचीच्या एक-तृतीयांशाहून जास्त छाटू नका, झाड मरेल आणि मेलेलं झाड आणखी वाईट. मोठ्या झाडाच्या बुंध्याशी झुडपं ठेवू नका, कारण आग गवतातून झुडपात आणि झुडपातून शेंड्यात चढते. दोन झाडांच्या शेंड्यांमध्ये तीन मीटर तरी अंतर हवं. छपरावर आलेल्या फांद्या कापून टाका. सरपण आणि जादा गॅस सिलिंडर घरापासून दहा मीटर दूर ठेवा, तेही उताराच्या खालच्या बाजूला नको. दहा ते तीस मीटरच्या पट्ट्यात सगळी झाडं तोडायची नाहीत, फक्त वाळलेलं आणि मेलेलं उचलून झाडी विरळ करायची. उतार उघडाबोडका केलात तर पावसाळ्यात मातीच घरावर येईल.

तुमचं घर उतारावर आहे, म्हणून एक जादा गोष्ट. आग चढावर वेगाने धावते, कारण ज्वाळा वरच्या झाडीला आधीच तापवून सुकवतात. ढोबळ हिशोब असा की दर १० अंश चढाला वेग दुप्पट होतो. तेव्हा खालच्या बाजूची सफाई ३० मीटरवर थांबवू नका, जमेल तितकी पुढे न्या. जमीन दुसऱ्याची असेल तर शेजाऱ्यांना बरोबर घ्या, कारण त्यांचं घर पेटलं तर तेच तुमच्या घरासाठी सर्वांत मोठी आग ठरतं. गवत कापायचं यंत्र सकाळी दवात चालवा. दुपारच्या उन्हात त्याचं पातं दगडावर आपटून उडालेल्या ठिणगीने वणवे लागलेले आहेत. आणि गोळा केलेला पाचोळा कोरड्या दिवसांत जाळू नका.

आता निघण्याबद्दल. "घर सोडायचं कधी" याचं उत्तर त्या दिवशी शोधायला लागलात तर उशीर झालेला असतो. २०१८ च्या ८ नोव्हेंबरला कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावाजवळ भल्या सकाळी आग लागली आणि दीडेक तासात गाव पेटायला लागलं. त्या आगीत ८५ माणसं गेली, बहुतेक वयस्कर. पोर्तुगालमध्ये जून २०१७ च्या वणव्यात पेद्रोगाव ग्रांदेजवळच्या एका रस्त्यावर ४७ जण मेले, त्यातले बरेचसे गाड्यांत. घर सोडलं म्हणजे सुटलो असं नाही, रस्ता मोकळा असताना सोडायला हवं. आणि भोंगा वाजेल यावर विसंबू नका. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हवाई बेटांवरच्या लाहायना गावात आपत्तीचे भोंगे वाजवलेच गेले नाहीत.

म्हणून तुमच्या घरासाठी तीन खुणा आजच लिहून फ्रिजवर लावा. पहिली खूण हवामानाची. तापमान ३० अंशांच्या वर, हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली आणि वारा ताशी ३० किलोमीटरच्या पुढे, असा दिवस असेल तर पिशव्या दाराशी, गाडीत इंधन निम्म्याच्या वर, तोंड रस्त्याकडे. दुसरी खूण, परिसरात कुठेही वणव्याची बातमी किंवा धुराचा वास. या वेळी सासूबाई, मुलं आणि जनावरं निघतात, हुकुमाची वाट न पाहता. तिसरी खूण, प्रशासनाने निघायला सांगितलं किंवा वणवा तुमच्या दरीत आला. या वेळी उरलेलं प्रत्येक माणूस पाच मिनिटांत बाहेर. दुसऱ्या खुणेला निघालात आणि वणवा आलाच नाही, तर एक रात्र नातेवाइकांकडे गेली इतकंच. घरातल्या कुणी त्यावरून चिडवू नये म्हणून त्यांना हे आधीच बजावून ठेवा.

एकदा घड्याळ लावून सराव करा. सासूबाईंना उठवून, यंत्र गुंडाळून, मांजर पकडून, सगळे गाडीत बसेपर्यंत किती वेळ लागतो ते पाहा. मनातला अंदाज बहुधा प्रत्यक्षापेक्षा कमी निघतो. पुढचा सराव अंधारात, दिवे बंद करून करा. रस्ते दोन ठरवा, दोन्हींवर एकदा गाडी चालवून पाहा, आणि ते कागदावर काढून ठेवा, कारण मोबाइलचे मनोरे जळले की नकाशा उघडत नाही. तुमच्या आवाराला विजेवर उघडणारं फाटक किंवा गॅरेजचं दार असेल तर ते हाताने उघडायची दोरी कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवं. २०१७ च्या कॅलिफोर्नियातल्या आगींत वीज गेल्यावर काहींना गॅरेजचं दार उघडता आलं नाही. त्यानंतर तिथे अशा दारांना बॅटरी सक्तीची करणारा कायदाच झाला.

तुम्ही दोघं कामावर आणि मोठं मूल शाळेत असताना वणवा आला तर? शाळेतून त्याला कोण आणणार, सासूबाईंना गाडीत कोण बसवणार, ही नावं आज ठरवा आणि त्या शेजाऱ्यांना किल्ली देऊन ठेवा. दूरच्या गावातला एक नातेवाईक निरोप्या ठरवा. सगळे त्यालाच कळवतील, एकमेकांना फोन लावत बसणार नाहीत. फोन लागत नसतो तेव्हाही साधा मेसेज बऱ्याचदा पोचतो.

सासूबाईंचा हिशोब वेगळा मांडा, तुमच्या घरात वेळेचं गणित त्यांच्यावरून ठरेल. ऑक्सिजन यंत्राला वीज लागते आणि वीजच आधी जाते. डॉक्टरांकडून भरलेला छोटा सिलिंडर, रेग्युलेटर आणि नळी लिहून घ्या. किती वेळ पुरेल ते असं काढा: सिलिंडरमधले लिटर भागिले मिनिटाला लागणारे लिटर. समजा ६८० लिटरचा सिलिंडर आहे आणि प्रवाह मिनिटाला २ लिटर, तर ३४० मिनिटं, म्हणजे साडेपाच तासांहून थोडं जास्त. त्यातला पाव भाग राखीव धरा, कारण रस्ते तुंबतात. गाडीत सिलिंडर पट्ट्याने बांधा, सुटा लोळू देऊ नका. त्यांची दोन आठवड्यांची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, कानाचं यंत्र आणि त्याच्या बॅटऱ्या एका पिशवीत, आणि ती पिशवी त्यांच्याच खोलीत ठेवा.

बाकीच्या पिशव्यांत माणशी दिवसाला चार लिटर पाणी आणि तीन दिवसांचं न शिजवता खाता येईल असं खाणं, टॉर्च, पॉवर बँक, बॅटरीवरचा रेडिओ, थोडी रोकड (वीज नसली की कार्ड चालत नाही), घराची, विम्याची आणि ओळखीची कागदपत्रं. कागदांचे फोटो काढून पेन ड्राइव्हवर आणि दूरच्या नातेवाइकाकडेही ठेवा. निघतानाचे कपडे सुती किंवा लोकरी, अंगभर, पायात चामडी बूट. नायलॉन आणि पॉलिस्टर धगीने वितळून कातडीला चिकटतं, मुलांच्या कपड्यांत तेच जास्त असतं, तेव्हा त्यांचा एकेक सुती जोड बाजूला काढून ठेवा. मोठ्यांसाठी एन-९५ मास्क घ्या, नाकावर घट्ट बसणारा. दाढी असली तर कडेने धूर आत जातो. ओल्या रुमालातून धुराचे बारीक कण सहज आत जातात. चार वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा मास्क बसतच नाही, त्याला धुरापासून वाचवायचा उपाय लवकर निघणं हाच.

कुत्रा हाकेला येतो. मांजर धुराच्या वासाने पलंगाखाली जाते आणि तिथून निघत नाही. तिची टोपली वर्षभर घरात उघडी ठेवा, तिला तिथे झोपायची सवय लागू द्या, आणि पहिल्या खुणेच्या दिवशीच तिला एका खोलीत बंद करा.

निघायच्या आधी वेळ असेल तरच, आणि माणसं गाडीत बसली असतील तरच, घरासाठी ही कामं करा. सगळ्या खिडक्या आणि आतली-बाहेरची दारं लावा, पण कुलूप नको, अग्निशमन दलाला आत जावं लागू शकतं. पातळ पडदे काढा, सोफा आणि गाद्या खिडक्यांपासून दूर खोलीच्या मध्यावर ओढा. गॅस बंद, एसी आणि पंखे बंद, एकदोन दिवे सुरू, म्हणजे धुरात घर दिसेल. बाहेरच्या नळाला पाइप जोडून ठेवा आणि शिडी भिंतीला लावून ठेवा. तुमच्या पतींना काही करायचंच असेल तर ते हे, दहा मिनिटांत. नळ वाहते सोडून मात्र जाऊ नका.

रस्ता बंद झाला आणि अडकलात तर काय, हेही माहीत हवं. गाडीत असाल तर झाडाझुडपांपासून दूर, उघड्या जमिनीवर थांबा, तोंड आगीकडे, खिडक्या आणि हवेच्या झडपा बंद, दिवे चालू. खिडकीच्या खाली वाका आणि लोकरी घोंगडी अंगावर घ्या. ती घोंगडी गाडीतच असू द्या. पळत सुटू नका, उघड्यावर धग मारते. घरात अडकलात तर बाहेर जायचं दार असलेल्या खोलीत थांबा, आगीकडच्या बाजूपासून दूर, आणि आत कुठे ठिणगी पेटते का ते सतत पाहत राहा. न्हाणीघरात लपायचं नाही, तिथून दुसरी वाट नसते. आगीची रांग बहुधा काही मिनिटांत पुढे जाते. ती गेली आणि घर पेटलं, तर जळून गेलेल्या जमिनीवर जा. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत १७३ जण मेले, त्यातले ११३ घरांच्या आत. घरात थांबणं हा शेवटचा पर्याय का, हे तुमच्या पतींना या आकड्यावरून सांगा.

परत यायची घाई करू नका, प्रशासनाने वाट मोकळी केली तरच या. झाडांची मुळं जमिनीखाली दिवसेंदिवस धुमसत राहतात आणि वरून साधी दिसणारी जमीन पायाखाली खचते. जळलेल्या घरांच्या राखेत शिसं, आर्सेनिक, जुन्या बांधकामातलं अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. मुलांना आणि सासूबाईंना सफाई होईपर्यंत आणू नका. मास्क आणि हातमोजे घालून राख पाण्याने हलकी भिजवा आणि मगच भरा, झाडू किंवा ब्लोअर मारू नका. गॅस स्वतः सुरू करू नका, तपासणी करून घ्या. नळाचं पाणी लगेच पिऊ नका. आगीनंतर कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा आणि पॅराडाइजमध्ये पाण्याच्या जाळ्यात बेंझिन आढळलं होतं, आणि ते पाणी उकळल्याने सुरक्षित होत नाही, वाफेबरोबर बेंझिन घरातल्या हवेत येतं. तपासणीचा अहवाल येईपर्यंत बाहेरून आणलेलं पाणी वापरा.

आणि उतारावर राहता म्हणून पहिल्या मोठ्या पावसाचाही विचार करा. झाडी जळालेल्या डोंगरावर पाणी मुरत नाही, चिखल आणि दगड घेऊन खाली येतं. डिसेंबर २०१७ मध्ये लागलेल्या थॉमस वणव्यानंतर ९ जानेवारी २०१८ च्या पावसात कॅलिफोर्नियातल्या माँटेसिटोत आलेल्या अशाच लोंढ्याने २३ जणांचा बळी घेतला. तुमच्या वरचा डोंगर जळाला तर मुसळधार पावसाचा इशारा असलेल्या रात्रीही तीच पिशवी, तोच सिलिंडर आणि तीच मांजराची टोपली घेऊन घर सोडा.